२ गुंठे काळी जमीन, हरळी आणि ढेकळं : टिलर घ्यावा की कुदळ-फावड्यावर भागेल?

गच्चीवरून_खाली

जागा कराडजवळ, घरामागे २ गुंठे, ३३ बाय ६६ फूट. तीन बाजूंना कंपाउंड, आत यायला ३ फुटांचं एकच गेट. माती काळी आणि भारी, आत्ता मे महिन्यात बोटभर रुंदीच्या भेगा. निम्म्या जागेत हरळी, मागच्या भिंतीकडे लव्हाळा. घराचं बांधकाम गेल्या वर्षी संपलं, तेव्हापासून जागा पडून. बोअरचं पाणी आहे, लाईट घरातून ओढता येईल.

लावायचं घरापुरतंच : वांगी, मिरची, भेंडी, गवार, दोन वाफे मेथी-कोथिंबीर.

दुकानात टिलरचे, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती उकरणाऱ्या यंत्राचे, तीन पर्याय सांगितले. ५२ सीसीचा टू-स्ट्रोक मिनी टिलर, विजेवरचा १५०० वॅटचा टिलर आणि ७ एचपीचा पेट्रोल पॉवर वीडर. शेवटचा बजेटबाहेर, पण गावात भाड्याने मिळतो, चालवणाऱ्या माणसासकट. बजेट १५ हजार, त्यातच हाताची अवजारंही आली, कारण सध्या एक घमेलं सोडलं तर काही नाही. काय घ्यावं? पाऊस लागायच्या आत जमीन तयार हवी.

वाफसा

पैसे काढायच्या आधी कुणाकडून तरी पहार मागून आणा. दर १० फुटांवर बादलीभर पाणी ओता, दोन दिवस थांबा आणि त्या प्रत्येक ठिकाणी पहार एकाच उंचीवरून टाका. किती रुतली ते टेपने मोजून जागेच्या नकाशावर लिहा. बांधकाम झालेल्या प्लॉटवर हे करावंच लागतं. वाळू-खडीचे ट्रक जिथून फिरले तिथे खाली दाबून बसलेला थर असतो, वरून तो दिसत नाही. बाकी ठिकाणी पहार ८-१० इंच जातेय आणि एका पट्ट्यात ३ इंचांवर टणकन वाजतेय, तर तिथे खडी, मुरूम नाहीतर सांडलेलं काँक्रीट आहे. त्या पट्ट्यात कुठलाच टिलर घालायचा नाही.

आता मुख्य मुद्दा. जमीन तयार करणं हे एक काम नव्हे, दोन आहेत, आणि दोन्हींची वेळ वेगळी. आत्ता मे महिन्यात फक्त खणायचं : मोठी ढेकळं उलथायची, हरळीच्या काश्या, म्हणजे जमिनीखालच्या पेरांच्या दोऱ्या, उन्हात पाडायच्या. ढेकळं फोडत बसायचं नाही. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. तापलेलं ढेकूळ पहिल्या दोन पावसांत आपणहून विरतं. ज्या कामासाठी तुम्ही यंत्र शोधताय त्यातलं निम्मं पाऊस फुकट करून देतो. बारीक मशागत आणि वाफे हे दुसरं काम, ते जूनमध्ये वाफसा आल्यावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशा ओलीवर आली की.

वाफसा असा बघा. ४ इंच खालची माती घेऊन मुठीत दाबा, लाडू वळा आणि कंबरेच्या उंचीवरून सोडा. फुटून तीन-चार तुकडे झाले की कामाला लागा. पचकन चपटा झाला तर अजून दोन दिवस थांबा. लाडू वळतच नसेल तर माती कोरडी आहे, हलकं पाणी द्या. काळ्या जमिनीत वाफसा दोन-चार दिवसच टिकतो. अवजार हाताशी हवं ते त्या दिवसांत, ते कोणत्या कंपनीचं आहे याने फारसा फरक पडत नाही.

ओल्या काळ्या मातीत टिलरचं पातं माती कापत नाही, थापतं. ४-५ इंचांवर गिलाव्यासारखा गुळगुळीत थर बसतो. वरून जमीन छान भुसभुशीत दिसते, आणि ऑगस्टच्या झडीत मिरची पिवळी पडायला लागली की लोक खत घालत सुटतात. खरं कारण असं की पाणी त्या थरावर तुंबलेलं असतं आणि मुळं गुदमरत असतात. उलट कोरड्यात टिलर फिरवला तर पीठ होतं, पहिल्या पावसाने त्याची पापडी धरते आणि मेथी त्यातून वर येत नाही.

आणि हरळीत टिलर तर अजिबातच नको. काशीला दर इंच-दोन इंचाला पेर असतं आणि प्रत्येक पेरातून नवा कोंब येतो. टिलर तिचे हजार तुकडे करतो आणि सगळ्या २ गुंठ्यांत सारखे पसरून देतो. आज निम्म्या जागेत असलेली हरळी दसऱ्यापर्यंत सगळीकडे होईल.

माझं मत : टिलर विकत घेऊ नका, तिघांपैकी कोणताच. हिशोब सांगतो. ३ फुटी वाफा आणि दीड फुटी वाट ठेवली तर खणायची जागा दोन तृतीयांश, म्हणजे २१७८ पैकी साधारण १४५० चौरस फूट. वाटा खणायच्याच नाहीत, त्यांवर चालायचं आहे. सवय नसलेल्या माणसाने तासाला ३५ चौरस फूट धरले तरी ४०-४२ तास. रोज सकाळी दोन तास दिले तर तीन आठवडे. हे पहिल्या वर्षाचं. वाफे कायमचे ठेवले, त्यांवर पाय दिला नाही, तर पुढच्या वर्षी नुसता फोर्क (लांब दात्यांचं खणायचं अवजार) घालून हलवायचे असतात.

पाचर

वरच्या हिशोबाशी सहमत, फक्त तीन आठवडे नीट जायचे तर अवजारं नीट हवीत. दांडा सैल असलेली कुदळ दुपारपर्यंत तळहात सोलते.

पहार : ५ फुटी, २५ मिमी जाडीची, अष्टकोनी. वजन ६ किलोच्या आसपास भरतं. एक टोक चपटं, एक अणकुचीदार. ढेकळं उलथायला चपटं टोक कामाचं.

कुदळ आणि टिकाव यात गल्लत करू नका. टिकावाला एका बाजूला टोक असतं, तो मुरूम-खडीसाठी. काळ्या मातीत रुंद पात्याची कुदळ लागते, दीड ते दोन किलोची, दांडा ३ फुटी. जड कुदळ घेतली की काम लवकर होतं असं वाटतं, पण तासाभराने खांदे भरून येतात. माती उचलायला खोरं किंवा फावडं एक, आणि ४ दातांचा डिगिंग फोर्क एक.

या यादीत पैसा घालायचाच तर फोर्कमध्ये घाला. त्याने काशी तुटत नाही, अख्खी उपसून येते. दुकानात दोन प्रकार दिसतील. पत्रा कापून-वाकवून केलेला, दाते चपटे, किंमत कमी : हा काळ्या मातीत पहिल्या दिवशी वाकतो. दुसरा घडीव, दाते चौकोनी आणि जाड, साधारण ११-१२ इंच लांब. दात्याचं टोक फरशीवर टेकवून दांड्यावर वजन टाका. दाता लवून परत सरळ झाला तर ठीक, लवलेलाच राहिला तर ठेवून द्या. दांडा बसतो तिथली नळी बघा, फक्त वेल्डिंगच्या दोन ठिपक्यांवर असेल तर तो जोड आधी जाईल. घडीव फोर्कसुद्धा पहारीसारखा वापरायचा नाही. वीतभर माती पुढे घ्या, दाते पूर्ण रुतवा, मागे झुका. माती हलत नसेल तर आधी पहारीने सैल करा.

शिवाय १४ दाती दाताळं, दांडा खांद्याच्या उंचीचा, दोन खुरपी, आणि ८-१० इंची कानस. कानस कोणी आणत नाही आणि मग कुदळ बोथट असल्याची तक्रार करतात. पात्याला एकाच बाजूने धार द्या, दर तीन-चार तासांनी पाच-सहा हात मारले की पुरे.

दांड्याचं : बाभळीचा, वाळलेला, रेषा सरळ टोकापर्यंत गेलेल्या. गाठ जिथे असेल तिथे मोडतो. उन्हाळ्यात लाकूड आकसून कुदळ हलायला लागते, तेव्हा बरेच जण रात्रभर बादलीत भिजत घालतात. त्या दिवसापुरती घट्ट होते खरी, पण फुगताना लाकडाचे तंतू लोखंडावर चेपतात आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त सैल होते. दांडा काढून बुंध्याला उभी चीर द्या, सुक्या लाकडाची पाचर ठोका. वरून जवसाचं तेल, दोन हात.

हे सगळं चांगल्या प्रतीचं घेतलं तरी बजेटमधले बरेच पैसे उरतील. ते कंपोस्टवर घाला.

स्पार्कप्लग

यंत्राची बाजू मांडणारा कोणीतरी हवा, म्हणून लिहितोय. हरळीबद्दल वाफसा यांचं शंभर टक्के बरोबर. पण जूनमध्ये हरळी निघालेल्या, वाफशावरच्या जमिनीत ७ एचपीचं मशीन एकदा भाड्याने फिरवायला काय हरकत आहे? शेणखत मिसळायचं काम तासा-दीड तासात होतं, हाताने त्यालाच चार दिवस जातात.

तुम्हाला दाखवलेली तीन मशीनं एकाच कामाची नाहीत. ५२ सीसीचा टू-स्ट्रोक वजनाला १५-२० किलोच असतो, आणि टिलर जमिनीत शिरतो तो वजनावर. टणक काळ्या मातीत तो उड्या मारत पुढे पळतो आणि चालवणारा मागे ओढून बेजार होतो. आधी खणलेल्या वाफ्यात ३-४ इंच माती भुसभुशीत करायला तो ठीक. विजेवरच्याचीही तीच गत, फक्त आवाज आणि धूर नाही. ७ एचपीवाला ७०-९० किलोचा, तो खरोखर ६ इंच जातो.

तोही एका फेरीत नाही. मागे जो खोलीचा दांडा जमिनीत घुसतो तो समजून घ्या, कारण भाड्याचा माणूस घाईत असतो. दांडा खाली केला की मशीनला पुढे जायला अडथळा होतो, पाती एकाच जागी जास्त फिरतात आणि खोल जातात. वर केला की मशीन वरवर पळतं. पहिली फेरी ३ इंच, दुसरी आडवी, ६ इंच. पहिल्याच फेरीत पूर्ण खोल घालायला गेलात तर इंजिन दबतं आणि खाली तो गुळगुळीत थर बसतो, ज्याबद्दल वर लिहिलंय. तासावर पैसे ठरवले तर चालवणाराही सावकाश जातो. गुंठ्यावर ठरवलंत की तो पळवतो.

मशीन यायच्या आधी ड्रिपच्या नळ्या गोळा करा. सेप्टिक टँकची पाइप आणि बोअरची केबल कुठून गेलीय तिथे चुन्याने रेघ मारा, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट सोडा. रिव्हर्स टाकताना मागे भिंत असेल तर माणूस हँडल आणि भिंत यांच्यात सापडतो. म्हणून भिंतीलगतची ५ फुटांची पट्टी हातानेच करा, मशीनला वळायलाही तेवढी लागतेच. पात्यात गवत गुंडाळलं तर इंजिन बंद आणि प्लगची टोपी काढलेली, मगच हात घालायचा.

कोणी वाचून विकत घ्यायला निघालंच असेल तर दोन गोष्टी. नवं फोर-स्ट्रोक मशीन बहुतेक वेळा बिनतेलाचं येतं. इंजिनात ऑइल न घालता दोरी ओढली की मशीन पहिल्या दिवशी जाम आणि वॉरंटीवाला हात वर करतो. या आकाराच्या इंजिनात साधारण ६०० मिली बसतं, पहिलं २० तासांनी बदलायचं; गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, तेही बघायचं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात : ४०:१ लिहिलं असेल तर लिटरला २५ मिली, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजाने ‘थोडंसं’ घालणाऱ्यांचे पिस्टन चिकटतात. आणि काम संपलं की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल धरतं. पावसाळाभर तसंच ठेवलेलं मशीन दिवाळीत सुरू होत नाही आणि कार्ब्युरेटर उघडायला लागतो.

गच्चीवरून_खाली

सगळ्यांचे आभार. पहार टाकून बघितली. मागचा ४० फुटांचा भाग सगळीकडे ९-११ इंच. घराकडचा २६ फुटांचा पट्टा वाईट आहे : ३-४ इंचांवर वाजते, एका ठिकाणी खणलं तर खाली मुरूम-खडी, त्यावर सिमेंटचा करडा थर. दोन प्रश्न. त्या पट्ट्याचं काय करू? आणि लव्हाळाही फोर्कनेच जाईल का?

एक जण म्हणाला की सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर टिलरला अनुदान मिळतं, तर विकतच घे.

तांबडी_माती

घराकडच्या पट्ट्याचं उत्तर कोकणात रोजचं आहे. खाली जांभा खडक लागला की आम्ही खाली जात नाही, वर येतो. सिमेंटचा करडा थर तेवढा टिकावाने फोडून उचला आणि घमेल्याने बाहेर टाका. त्याने मातीचा सामू (pH) चढतो, मिरचीला लोह मिळत नाही आणि शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खालचा मुरूम राहू दे, पाणी निचरायला तो चांगलाच. फक्त पहारीने दीड-दीड फुटावर भोकं पाडा, नाहीतर वाफ्याखाली तळं होतं.

वर विटांचे किंवा चिऱ्यांचे १ फूट उंच वाफे, ३ बाय १० फूट. एकात ३० घनफूट, तिघांत ९०. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं कंपोस्ट. भरल्यावर पाचवा हिस्सा तरी खाली बसतो, म्हणून तीन वाफ्यांना पाऊण ब्रास (७५ घनफूट) माती आणि ३७-३८ घनफूट कंपोस्ट धरा. माती मागवताना ‘लाल माती’ म्हणून मुरमाची चाळ येते, ट्रॉली ओतायच्या आधी मूठभर भिजवून बघा. आणि ही ट्रॉली तुमच्या मागच्या चांगल्या ४० फुटांवरून जाता कामा नये. ३ फुटांचं गेट आहे ते बरंच आहे, बाहेर ओतून घमेल्याने आत न्या.

मेथी-कोथिंबीर, पालक या वाफ्यांत. वांगी-भेंडी मागे.

वाफसा

अनुदान शेतकऱ्याला आहे, शेतजमीन नावावर लागते. घराचा बिनशेती प्लॉट त्यात बसत नाही. शेती नावावर असेल तरी आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी. बिल पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं असेल तर पैसे मिळत नाहीत. आणि अनुदान मिळालं म्हणून टिलर हरळीत चालायला लागत नाही.

लव्हाळा हरळीपेक्षा चिवट. वर ओढला की पात हातात येते, गाठ खाली राहते, आणि गाठींची खाली साखळी असते. फोर्क पूर्ण रुतवून माती उलथा, दाताळ्याने गाठी वर आणा आणि दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळू द्या. गाठ वाळली की मरते, ओल्या मातीत राहिली की वर्षानुवर्षं जगते. म्हणून हे मे महिन्यातच. वळवाचा पाऊस आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दाताळं फिरवून त्यांना उघडं पाडा. हरळी आणि लव्हाळा दोन्ही कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. वाळवून जनावरापुढे टाका नाहीतर कडेला ढीग करून पुरतं सुकू द्या.

तुमचा क्रम असा ठेवा. मागच्या ४० फुटांत हरळीचा भाग आधी, कारण त्याला उन्हाचे जास्त दिवस हवेत. सकाळी पाणी देऊन माती मऊ करायचा मोह होईल, देऊ नका, काश्या पुन्हा धरतात. कोरडीच पहारीने उलथा. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले, लाडू फुटायला लागला, की दोरी मारा : ३ फूट वाफा, दीड फूट वाट. वाटेतली ६ इंच माती उचलून वाफ्यावर टाका. वाट वाफ्याच्या निम्म्या रुंदीची आहे, म्हणजे वाफा ३ इंच चढतो आणि वाट ६ इंच उतरते. मिळून ९ इंचांचा फरक, काळ्या जमिनीत पावसाळ्यात तेवढा लागतोच. वाटांचा उतार एकीकडे काढून पाणी बाहेर जाऊ द्या, तीन बाजूंना कंपाउंड आहे हे विसरू नका. भिंतीच्या तळाशी पाणी जायला भोक नसेल तर पावसाआधी पाडून घ्या.

शेणखत गुंठ्याला २०० ते २५० किलो, वाफ्यातच, वरच्या ४-५ इंचांत. ओलं शेण नको, त्यात हुमणी येते. मुठीत घेतल्यावर वास मातीचा यायला हवा.

स्पार्कप्लग यांच्या भाड्याच्या मशीनला माझा विरोध नाही, पण ते वाटा पाडायच्या आधी फिरवावं लागेल, आणि हरळीचा एकही कोंब दिसत नसेल तरच. दोन पावसांनंतर आठ दिवस थांबा, राहिलेल्या काश्या तेवढ्यात हिरव्या होऊन दिसतात. त्या फोर्कने काढा, मग मशीनवाल्याला फोन करा.

गच्चीवरून_खाली

म्हणजे पहार, कुदळ, खोरं, फोर्क, दाताळं, खुरपी, कानस. टिकाव सिमेंटसाठी शेजारून. मशीनवाल्याशी जूनचं बोलून ठेवतो. फक्त त्याच्या मशीनची रुंदी ३६ इंच आहे, गेटही ३ फुटांचंच. आत कसं येणार?

स्पार्कप्लग

दोन्ही बाजूंची बाहेरची पाती पिना काढून उतरवता येतात, मग रुंदी २४ इंचांच्या आसपास येते. २ गुंठ्यांत तशीच चालवा, कडेला जास्त जवळ जाता येतं. बसवताना डावी-उजवी अदलाबदल करू नका : पात्याची धारेची बाजू पुढे फिरायला हवी. उलटं बसलं तर मशीन जमिनीत शिरत नाही, वरून नुसतं घासत जातं, आणि चालवणारा म्हणतो माती कडक आहे.